अनुभव धागा: नाताळच्या सुट्टीत नुसतं पडून राहणं

नाताळ ते नवीन वर्ष. शाळा बंद, निम्मं ऑफिस रजेवर, आणि आपण मात्र कपाटं आवरणं, पाहुणे, "सुट्टी आहे तर गोव्याला जाऊ" यातच. 'यंदा मी काही करणार नाही' असं कुणी ठरवून पार पाडलंय का? घरचे काय म्हणाले? सल्ले नकोत, अनुभव लिहा.

अबोली:
आम्ही म्युनिकला. इथे २४ तारखेला दुपारी दोनपर्यंत दुकानं बंद होतात, २५ आणि २६ ला सुट्टीच. त्यात २७ ला रविवार आला तर विचारूच नका. मला परवानगी दिली ती या कुलुपांनी. पण आपली मंडळी कसली ऐकतात! २५ ला कुणाकडे तरी बिर्याणीचं पातेलं चढणार आणि प्रत्येकाने एकेक पदार्थ न्यायचा. गेल्या वर्षी ग्रुपवर लिहिलं, "आम्ही नाही." कारण दिलं नाही. लगेच तीन फोन: सगळं ठीक ना? ठीकच होतं. अकराला पोहे केले, लेक दिवसभर पायजम्यात लेगो करत बसली. साडेचारला अंधार झाला, तेव्हा मीही पायजम्यातच होते.

खारीबिस्कीट:
वसई. आमच्याकडे सुट्टी वगैरे नंतर, आधी नाताळचा फराळ. करंज्या, केक, आणि कुलकुल! कणकेची इवलीशी गोळी काट्याच्या पाठीवर दाबायची, गुंडाळी करायची, तळायची. शेजारीपाजारी ताटं द्यायची म्हणजे डबे भरून लागतात. मान धरते. मागच्या खेपेला कुलकुल विकत आणले. सासूबाईंनी एक तोंडात टाकला, "घरच्यासारखे नाहीत," म्हणाल्या आणि दुसरा उचलला.

निवृत्त_पुणेकर:
विश्रांतीला परवानगी कसली लागते? मी रोज दुपारी झोपतो.

खारीबिस्कीट:
काका, उठल्यावरचा चहा कोण करतं तेही लिहा.

रात्रपाळी:
इंग्लंडमध्ये नर्स आहे. २५ ला ट्रेन नसतात, बसही जवळजवळ नाहीत, वॉर्ड मात्र चालू. रात्रपाळी करून सहकाऱ्याच्या गाडीतून घरी आले आणि बॉक्सिंग डे (इथली २६ ची सुट्टी) अख्खा झोपून काढला, फोन बंद. संध्याकाळी साताऱ्याहून आई: "दिवसभर झोपलीस? बरं नाही का?" धडधाकट माणसाने दिवसा झोपणं तिच्या हिशेबात बसतच नाही.

मांडवीकाठ:
तुमची सुट्टी हा आमचा सीझन. पर्यटकांना खोल्या देतो, डिसेंबरात पाठ टेकत नाही. आम्ही झोपतो पावसाळ्यात. तेव्हा कुणी नावं ठेवत नाही, पाऊसच तसा असतो.

उंबरठा:
सासरे अंथरुणाला खिळलेले, त्यामुळे मला सुट्टी अशी नाहीच. गेल्या नाताळात नणंदेला मुलांची सुट्टी होती. तिला म्हटलं, तू ये, मी बहिणीकडे जाते. नवऱ्याला वाटलं आमचं भांडण झालंय. बहिणीकडे मी जेवले आणि झोपले, गप्पाही मारल्या नाहीत. मध्येमध्ये फोन: बीपीची गोळी जेवणाआधी की नंतर? डायपर कुठे ठेवलेत? आता सगळं कागदावर लिहून फ्रिजला चिकटवलंय. यंदा नणंदेनेच तारखा विचारल्यात.