दोन पेन्सिल सेलवर बीसी ५४७ ट्रान्झिस्टरचा बायस (सिग्नल नसतानाचा त्याचा ठरावीक करंट-व्होल्टेज) टिकत नाही, काय करावं?

सोल्डरवाला_सांगली:
नमस्कार मंडळी. शाळेतल्या मुलांसाठी छोटे माईक प्रीअँप (माईकचा बारीक सिग्नल वाढवणारं सर्किट) करतोय. इलेक्ट्रेट माईक, दोन पेन्सिल सेल (मिळून ३ व्होल्ट), बीसी ५४७ (त्याचे तीन पाय: बेस, कलेक्टर, एमिटर), कलेक्टरला २.२ के (किलोओम) आणि प्लसवरून बेसला सरळ १.२ मेगाओम. पहिल्या बोर्डावर कलेक्टरला १.७ व्होल्ट आले, आवाज स्वच्छ. दुसऱ्या बोर्डावर तेच सर्किट, पण कलेक्टर ०.२ला चिकटलाय आणि आवाज फाटतो. ट्रान्झिस्टर एकाच पिशवीतले, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेले.
मग पुस्तकातला डिव्हायडर (दोन रेझिस्टरमधून व्होल्टेजचा हिस्सा बेसला) लावला: प्लसवरून २२ के, ग्राउंडला १० के, एमिटरला ४७० ओम. नव्या सेलवर सगळे बोर्ड सारखे झाले, पण सेल २ व्होल्टपर्यंत उतरले की आवाज जवळजवळ जातोच. प्रत्येक बोर्डाला ट्रिमपॉट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा रेझिस्टर) लावून मुलांना पिळत बसवायचं नाहीये. मार्ग सुचवा.

डायोड_ठाणे:
डिव्हायडरमधला १० के काढा, तिथे दोन १एन४१४८ डायोड सिरीजमध्ये टाका आणि एमिटरला १ के करा. बेस १.२ व्होल्टला बांधला जाईल. सेल उतरले तरी करंट ०.६ मिलीअँपिअरच्या आसपास राहील.

आयटीआय_मास्तर:
ठाणेकर, करंट राहील हे खरं, पण इथे तोच घात करेल. २.२ केवर १.३ व्होल्ट कायम पडणार. सेल २ व्होल्टला आले की कलेक्टर ०.६८ला आणि एमिटर ०.६ला. म्हणजे ट्रान्झिस्टर सॅच्युरेशनमध्ये (पूर्ण उघडा, सिग्नलला हलायला जागा नाही). बारा व्होल्टवर हे जाणवत नाही, कारण तिथे व्होल्ट-दीड व्होल्ट इकडेतिकडे झाला तरी जागा उरते. दोन सेलवर प्रत्येक दशांश व्होल्टचा हिशेब लागतो.

सांगलीकर, तुमच्या पिशवीत ग्रेड मिसळलेले असणार. बी ग्रेडचा बीटा (बेसच्या करंटच्या किती पट कलेक्टरला मिळतो) २०० ते ४५०, सी ग्रेडचा ४२० ते ८००. तुमचा १.२ मेगाओम बेसला २ मायक्रोअँपिअर देतो. बीटा ३००ला त्याचे ०.६ मिलीअँपिअर होतात, ७००ला १.४, आणि तेवढ्यावर २.२ केमध्ये सगळे ३ व्होल्ट संपतात. चिकटणारच.

डिव्हायडरचं दुखणं वेगळं. तो बेसला सेलचा ठरावीक हिस्सा देतो, पण बेस-एमिटरला लागणारे ०.६ व्होल्ट काही कमी होत नाहीत. ३ व्होल्टवर बेसला ०.९४, एमिटरला ०.३२, करंट ०.६८ मिलीअँपिअर. २ व्होल्टवर बेसला जेमतेम ०.६२ आणि करंट ०.१च्या घरात. सेलचा एक तृतीयांश व्होल्टेज गेला आणि करंट सहापटींनी पडला!

माझं स्पष्ट मत: इथे करंट स्थिर ठेवायच्या मागे लागू नका, कलेक्टर मधोमध ठेवा. त्यासाठी बेसचा रेझिस्टर प्लसवरून काढून कलेक्टरवर जोडा, ३३० केचा. एमिटर सरळ ग्राउंडला. करंट वाढायला लागला की कलेक्टर खाली येतो, बेसला कमी मिळतं, आपोआप लगाम बसतो. करंट म्हणजे (सेल व्होल्टेज वजा ०.६२) भागिले (२.२ के अधिक ३३० के भागिले बीटा). मांडून बघा: बीटा २००ला कलेक्टर १.६४ व्होल्ट, ३००ला १.४१, ८००ला ०.९९. सी ग्रेडचासुद्धा चिकटत नाही. आता सेल २ व्होल्टला आणा: बीटा ३००ला कलेक्टर १.०८, पुन्हा मधोमधच. मे महिन्यात खोली २५वरून ४५ अंशांवर गेली, बेस-एमिटर ४० मिलीव्होल्टनी घटला आणि बीटा १५ टक्के वाढला असं धरलं, तरी १.४१चे १.३ होतील इतकंच.

दोन गोष्टी मान्य करूनच हे वापरायचं. सेल उतरतील तसा गेन (सिग्नल किती पट वाढतो तो) कमी होतो, ६०चा ३५वर येईल. आणि इनपुट इम्पीडन्स (सिग्नलला इनपुटपाशी दिसणारा रेझिस्टन्स) साधारण साडेतीन के राहतो, इलेक्ट्रेटला चालतो. पुढेमागे गिटारचा पिकअप जोडायचा झाला तर ३३० केचे १५० आणि १८० असे दोन भाग करून मधल्या जोडावरून १ मायक्रोफॅरड ग्राउंडला द्या. बायस तसाच राहील, सिग्नलपुरता फीडबॅक (कलेक्टरवरून बेसला परत जाणं) तुटेल. अशा पिकअपला मात्र तेवढंही पुरत नाही, प्रीअँपच्या आधी एमिटर फॉलोअर (व्होल्टेज न वाढवता इनपुट इम्पीडन्स वाढवणारा टप्पा) लावावा लागतो.

सोल्डरवाला_सांगली:
मास्तर, फार आभार! सगळे बोर्ड बदलले, कलेक्टर १.१ ते १.५च्या आत आले. ०.२ला चिकटलेला ट्रान्झिस्टर मुद्दाम तोच ठेवला, तोही १.१ला उभा आहे. आता एकच अडचण. पुढे त्याच सेलवर छोटा स्पीकर अँप जोडला की जुन्या सेलवर फट् फट् फट् असा आवाज सुरू होतो. नव्या सेलवर काही नाही.

आयटीआय_मास्तर:
हा बायसचा दोष नाही. सेल जुना झाला की त्याचा आतला रेझिस्टन्स वाढतो, स्पीकरच्या प्रत्येक झटक्याला प्लसची तार हलते, आणि ती हालचाल २.२ के आणि माईकच्या रेझिस्टरमधून पुन्हा इनपुटला पोहोचते. प्रीअँपचा आणि माईकचा प्लस १०० ओममधून घ्या, त्याच्या प्रीअँपकडच्या टोकाला २२० मायक्रोफॅरड ग्राउंडला. दोन्ही मिळून मिलीअँपिअरभर घेतात, म्हणजे फक्त ०.१ व्होल्ट जाईल. स्पीकर अँपच्या पिनपाशी वेगळा ४७० मायक्रोफॅरड टाका आणि त्याची ग्राउंडची तार थेट सेलपर्यंत न्या, माईकच्या ग्राउंडवरून नको. तरीही फटफट राहिली तर बोर्डाचा फोटो टाका, ग्राउंड कुठे जोडलाय ते बघू.