अंगण सगळं फरशीखाली घालू नका

रत्नागिरीजवळच्या घरापुढे लॉन करावं की सरसकट पेव्हर ब्लॉक बसवावेत, असं तुम्ही विचारलंय. मी दोन्ही करणार नाही. कोकणात पावसाळ्याच्या चार महिन्यांत ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि मे महिन्यात विहीर तळाला जाते. तेव्हाच लॉन पाणी मागतं. ब्लॉक तर इतके तापतात की संध्याकाळीसुद्धा अनवाणी पाऊल ठेववत नाही.

आधी पागोळ्यांची रेघ बघा. कौलांवरचं पाणी जिथे पडतं तिथली माती उडते आणि जोत्यावर लाल शिंतोडे उठतात. आम्ही त्या रेघेखाली फूटभर रुंद चर खणून खडी भरली, उतार परसाकडे काढला. शिंतोडे त्याच वर्षी थांबले. चालण्यापुरती जांभ्या चिऱ्यांची पायवाट करा, सांध्यांत माती आणि हरळी ठेवा, म्हणजे पाणी मुरतं. फक्त चिऱ्यावर शेवाळ धरतं. घरात म्हातारी माणसं असतील तर पावसाळाभर अधूनमधून खराट्याने घासत राहा.

मोरीचं पाणी केळी-अळूकडे वळवा. नारळ मात्र बसायच्या जागेपासून लांब लावा.

सावलीला बकुळ लावा. ती वाढायला वेळ घेते, तोवर दिवाळीनंतर बांबूचा मांडव घालून वर नारळाच्या झावळ्यांची विणलेली झापं टाका आणि पावसाआधी उतरवा. पायरीशेजारी अनंत हवाच हो! रात्री ओटीवर बसलं की वास तिथपर्यंत येतो.