पीएचडीसाठी लॅब निवडायची आहे, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

रेण्वीय जीवशास्त्रात एम.एस्सी. झालंय. पीएचडीला दोन लॅबमधून होकार आलाय आणि काही केल्या निर्णय होत नाहीये.

पहिल्या लॅबचं आणि गाईडचं नाव मोठं. काम कर्करोगाच्या पेशींतल्या प्रथिनांवर: सेल कल्चर (पेशी लॅबमध्ये वाढवणं), वेस्टर्न ब्लॉट (नमुन्यातलं हवं ते प्रथिन अँटिबॉडीने पट्टीसारखं दाखवणारी चाचणी), क्रिस्परने जनुक बंद करून पाहणं. मला हे मनापासून आवडतं. रात्रभर कोल्डरूममध्ये अँटिबॉडीत ठेवलेला ब्लॉट सकाळी धुवून, सेकंडरी (दुसरी अँटिबॉडी) लावून इमेजरमध्ये ठेवावा, हवा तिथेच बँड म्हणजे पट्टी दिसावी, तुलनेसाठीच्या ॲक्टिन प्रथिनाचे बँडही सगळ्या लेनमध्ये, म्हणजे सगळ्या नमुन्यांत, सारखे यावेत, की दिवसाचं सार्थक होतं. पण तिथले सीनिअर मोकळेपणाने बोलत नाहीत, आणि एकच प्रश्न दोघांना दिलाय असं कानावर आलंय.

दुसरी लॅब नवीन. गाईड नुकतेच पोस्टडॉक संपवून आलेत. निम्मं काम बेंचवर, निम्मं संगणकावर, म्हणजे आरएनए सीक्वेन्सिंगचा (पेशीत कोणती जनुकं किती चालू आहेत ते दाखवणारा) डेटा, आणि आर, पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषा. मला कोडिंग जेमतेम येतं.

घरचे म्हणतात, नाव बघ. मित्र म्हणतात, अल्फाफोल्डवाल्यांना (प्रथिनाचा आकार संगणकाने वर्तवणारा प्रोग्रॅम) 2024 मध्ये नोबेल मिळालं, आता नुसत्या पिपेटवर भागणार नाही. हे मला पूर्ण पटत नाही. संगणकाने सांगितलेलं प्रथिन पेशीत नेमकं काय करतं, हे कुणीतरी करून बघावंच लागतं.

भीती निधीची जास्त वाटते. डग्लस प्रॅशर या शास्त्रज्ञाने 1992 मध्ये जीएफपीचं (हिरवं चमकणारं प्रथिन) जनुक क्लोन केलं, पण पुढे निधी मिळेना, म्हणून ते दुसऱ्या शास्त्रज्ञांना देऊन टाकलं. त्या प्रथिनावरच्या कामाला 2008 चं नोबेल मिळालं, तेव्हा प्रॅशर मोटारींच्या शोरूमची गाडी चालवत होते.

तर, निधी कधीपर्यंत आहे हे गाईडना तोंडावर विचारलं तर चालतं का? आणि पुढे प्राध्यापकी करायची नसेल, तर कोणती लॅब बरी?

प्रतिसाद

निधीचं खुशाल विचारा. चांगल्या गाईडला या प्रश्नाचा राग येत नाही, आणि आला तर तेही आत्ताच कळलेलं बरं.

गाईडपेक्षा तिथून बाहेर पडलेल्यांशी बोला. किती वर्षं लागली, पहिलं नाव असलेला पेपर निघाला का, मधेच सोडून कोण गेलं, का गेलं. सीनिअर गप्प असतील तर ते मला खटकतं. एकाच प्रश्नावर दोघं असतील, तर पेपरवर पहिलं नाव कुणाचं हे आधीच ठरवून घ्या, नाहीतर शेवटी मनस्ताप ठरलेला.

मला विचाराल तर दुसरी लॅब. आर शिकता येतं; स्वतः केलेल्या प्रयोगाचा डेटा समोर असला की लवकर शिकता येतं. प्राध्यापकी नको असेल तर औषध कंपन्या, कोअर फॅसिलिटी (संस्थेतलं सामायिक उपकरणांचं केंद्र), स्टाफ सायंटिस्ट, पेटंट, वैज्ञानिक संपादन असे रस्ते आहेत, आणि बेंच व विश्लेषण दोन्ही जमणारी माणसं कंपन्यांना हवी असतात.

फक्त एक करा: होकार कळवण्याआधी लॅब मीटिंगला बसू द्या म्हणून विचारा. प्रयोग फसल्याचं विद्यार्थी तिथे कसं सांगतात, ते ऐका.

धागाकर्ती

आभार! मीटिंगसाठी आजच दोन्हीकडे मेल करते.