झुआरीच्या गाळातलं विष जिवाणूंवर सोडावं का?

चिखलीकर: गोव्यातल्या झुआरी नदीकाठच्या गोद्यांजवळचा जुना गाळ उपसू नये, असं माझं ठाम मत आहे. जहाजांच्या तळाला शिंपले-शेवाळ धरू नये म्हणून लावायच्या रंगात ट्रायब्युटिलटिन (टीबीटी) हे कथिलाचं विषारी संयुग असायचं. २००८ पासून त्यावरची आंतरराष्ट्रीय बंदी लागू आहे. जुनं उरलंय, ते जिवाणू मोडतात. कथिलाला चिकटलेले तीन ब्युटिल गट एकेक करून सुटतात आणि दर टप्प्याला विषारीपणा उतरतो. गोवा विद्यापीठात तर टीबीटी खाऊन वाढणारे स्यूडोमोनास जिवाणू वेगळे काढलेत. त्यांना वेळ द्या.

खाजनवाली: नाही पटत. कित्येक जिवाणू विष पेशीत शिरलं की पंपाने बाहेर फेकतात. जिवाणू तगला, पण विष होतं तिथंच राहिलं. टीबीटी मोडतं ते उजेड आणि प्राणवायू असलेल्या पाण्यात, काही दिवसांत किंवा आठवड्यांत. गाळाचं काय? ओहोटीला चिखलात पाय रोवून बघा. वर बोटभर तपकिरी थर, खाली काळाकुट्ट, कुजक्या अंड्यांच्या वासाचा. तिथं प्राणवायू नाही, म्हणून ते वर्षानुवर्षं टिकतं. लिटरला काही नॅनोग्रॅम टीबीटी असलं तरी समुद्री शंखांच्या माद्यांना नराचं इंद्रिय फुटतं. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी गोव्याच्या शंखांत हे १९९९ मध्येच नोंदवलंय. आणखी किती वेळ द्यायचा?

चिखलीकर: अहो, म्हणूनच तर उपसू नका म्हणतोय! काळा थर ढवळला की सगळं परत पाण्यात, तिथून तिसऱ्यांत (खायच्या शिंपल्यांत), मग आपल्या ताटात.

सूक्ष्मजीव_वाचक: दादा, काळ्या थरातले जिवाणू नेहमी आपल्या बाजूचे नसतात. सल्फेटवर जगणारे काही जिवाणू तिथंच पाऱ्याचं मिथाइल पारा हे जास्त विषारी रूप करतात, आणि तो माशामाशांतून वर चढतो. शिवाय धातू सोसायची जनुकं नि प्रतिजैविकांना न जुमानणारी जनुकं पुष्कळदा एकाच प्लाझमिडवर (जिवाणू एकमेकांना देतात त्या डीएनएच्या छोट्या तुकड्यावर) असतात. प्रदूषण टिकलं की दोन्ही एकत्र पसरतात. हे मला जास्त भिववतं.

खाजनवाली: मग आधी थरवार तपासणी करा, निकाल मराठी-कोंकणीत पंचायतीत लावा. जिथं टीबीटी जास्त तेवढाच गाळ बंदिस्त पद्धतीने काढा.

चिखलीकर: तपासणीला माझी ना नाही. पण काढलेला गाळ टाकणार कुठे, ते आधी लेखी द्या. मानशीच्या (बांधातल्या पाण्याच्या दाराच्या) आत, खाजनात (बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या शेतजमिनीत) एक टोपलीही येऊ देणार नाही.

खाजनवाली: ती टोपली तर मीच अडवेन. पण तेवढ्यासाठी गाळ नदीत ठेवायला मी तयार नाही.