मदत हवी आहे: दोन-अडीच वर्षांच्या मुलांबरोबर कापड रंगवायचंय, कुठले रंग वापरू?

नमस्कार. मी बेळगावात वडगावला राहते. आसपासची लहान मुलं सकाळी माझ्याकडे असतात, मराठी घरातली तशीच कानडी घरातलीही. त्यांच्या हातून प्रत्येकाचा एक रुमाल रंगवून घ्यायचा आहे, तोही रोज वापरता येईल असा.

हळदीचं पाणी करून दिलं. मुलं खूश! एकीने पिवळ्या चिंधीवर साबणाचं पाणी ओतलं, कापड लालभडक झालं, आणि ती कितीतरी वेळ आपली बोटं उलटसुलट करून बघत होती. वर लिंबू पिळलं तर पुन्हा पिवळं. हा खेळ सोडायचा नाहीच. पण हळद उन्हात उडते आणि बीट तर पहिल्याच धुण्यात जातं. मूल दुसऱ्या दिवशी "माझा रंग कुठाय?" विचारतं तेव्हा वाईट वाटतं.

बाजारातली रंगाची पूड आणायची नाही. ती हवेत उडून नाकात जाते, आणि या वयात हातातलं सगळं तोंडात जातं. ओळखीच्या मागवाल्यांकडून तुकडे मिळतात, पण ते पॉलिस्टर मिसळलेले, रंगच धरत नाहीत. काय करावं? निळा रंग कसा मिळेल तेही सांगा.

प्रतिसाद १

ताई, जुनं सुती धोतर किंवा पंचा फाडून घ्या. धुऊन धुऊन त्यातली खळ गेलेली असते, त्यामुळे रंग आत शिरतो. नवा मांजरपाट घेतलात तर आधी सोडा घालून उकळावा लागेल.

रंग कापडाला धरून राहावा म्हणून तुरटी लावतात, पण सुती कापडाला नुसती तुरटी नीट धरत नाही, आधी हिरडा लागतो. हिरड्याच्या पुडीच्या पाण्यात कापड रात्रभर ठेवा, पिळून वाळवा. मग १०० ग्रॅम कापडाला साधारण १५ ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात भिजवा आणि स्वच्छ खळबळून काढा. हे सगळं मुलं नसताना. हिरडा आणि मंजिष्ठा (लाल रंग देणारी मुळी) काष्ठौषधीवाल्याकडे मिळतात.

रंगासाठी कांद्याची सालं, डाळिंबाची सालं आणि लालसाठी मंजिष्ठा. सालं कापडाच्या वजनाइतकी तरी हवीत. पाण्यात उकळून काढा करा, तो गाळून पूर्ण निववा आणि मगच मुलांना द्या. बुडवणं, पिळणं, थापटणं त्यांचं काम. नक्षीसाठी कापडाला गाठ मारायची तर ती तुम्ही सुती दोऱ्याने मारा. रबरबँड आणि गोट्या या वयात नकोत, घशात अडकतात. मुलं घरी गेली की तेच कापड गाठीसकट काढ्यात घालून मंद आचेवर अर्धा तास ठेवा. रंग बसतो तो इथे. काढा पिऊ देऊ नका, आणि रंगाची पातेली स्वयंपाकात नकोत.

निळीचा नाद सोडा. खरी नीळ लावायला जी रसायनं लागतात ती मुलांजवळ नकोतच. गोकर्णाच्या फुलांचं निळं पाणी हळदीसारखं खेळायला द्या, लिंबाने जांभळं होतं. टिकणार मात्र नाही.

धागाकर्ती

खूप आभार! आया आजपासून सालं साठवतील. तुरटी लावलेलं कापड आधीच करून ठेवलं तर चालेल का?

प्रतिसाद १

चालेल. खडखडीत वाळवून ठेवा. मुलांच्या हातात देण्याआधी साध्या पाण्यात भिजवून पिळून घ्या, म्हणजे रंग डागाडागांनी बसणार नाही. आणि धुताना सोडा नको, रिठ्याचं पाणी वापरा.