कोरियातील लहान गावात इंग्रजी शिकवणे आणि उपासना

प्रश्न: आम्ही मराठी ख्रिस्ती दांपत्य कॅनडाचे नागरिक असून दक्षिण कोरियातील लहान गावात इंग्रजी शिकवण्याच्या विचारात आहोत. तेथील दिनक्रम कसा असतो?

उत्तर १: खाजगी शिकवणीवर्गाला तेथे हागवॉन म्हणतात, मुले शाळा सुटल्यावर येत असल्यामुळे काम दुपारी सुरू होऊन रात्रीपर्यंत चालते. दोघांनाही स्वतंत्र ई-२ व्हिसा (परदेशी भाषा शिकवणाऱ्यांचा) घ्यावा लागेल, कारण नुसत्या जोडीदाराच्या व्हिसावर शिकवता येत नाही.

उत्तर २: चर्च लहान गावातही बहुधा सापडते. पहाटे पाचच्या सुमाराची प्रार्थना ही तेथील जुनी प्रथा आहे, पण रात्री उशिरा घरी परतणाऱ्यांना ती कितपत झेपेल, हे आपणच ठरवावे. प्रवचन कोरियनमध्ये असले तरी कित्येक गीतांच्या चाली ओळखीच्या वाटतील. रविवारी उपासनेनंतरचे एकत्र जेवण मात्र चुकवू नये. ओळखी तेथेच होतात.