प्रतिसाद: अंगदुखीसह एकदम चढलेला ताप

वर कुणीतरी लिहिलंय, "हवा बदलली की होतंच, केमिस्टकडून अँटिबायोटिक घ्यायचं, तीन दिवसांत मोकळे." फ्लू असेल तर तो विषाणू आहे, अँटिबायोटिकने त्याचं काहीच बिघडत नाही. तीन दिवसांत ताप उतरतो तो बहुतेकदा आपोआप, श्रेय मात्र गोळीला.

साधी सर्दी हळूहळू येते, आधी नाक, मग घसा. फ्लूचं तसं नाही. सकाळी ठणठणीत असलेला माणूस संध्याकाळी हुडहुडी भरून, हाडं मोडल्यासारखा झोपतो.

आम्ही पुणेकरांनी 2009 चा ऑगस्ट पाहिलाय. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू इथलाच, एका शाळकरी मुलीचा. मग शाळा बंद, नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीच्या रांगा, आणि रुमालात कापूर-वेलचीच्या पुरचुंड्या. (आमच्या घरीही होती. वास छान, उपयोग शून्य.) तोच स्वाइन फ्लूचा विषाणू, एच१एन१, आता दरवर्षीच्या फ्लूमध्ये मिसळून गेलाय.

फ्लूच्या विषाणूवरचं औषध ऑसेल्टामिविर, म्हणजे टॅमिफ्लू, पहिल्या 48 तासांत सुरू केलं तर जास्त उपयोगी. त्यामुळे गरोदर बाई, म्हातारी माणसं, लहान मुलं, दमा किंवा मधुमेह असलेले यांनी वाट न बघता डॉक्टर गाठावा. धाप लागणं, ओठ निळसर होणं, किंवा उतरलेला ताप पुन्हा चढणं, यात कुणीच थांबू नये. आणि पोरांना तापात ॲस्पिरिन अजिबात नको, पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे.